मळके तळवे आणि वेदीची उंची: रोम ते नेपल्स, कॅराव्हाज्जोच्या चित्रांसमोर

१६०० च्या सुमाराच्या कॅराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराबद्दल पुस्तकात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचायला मिळते. त्याने संतांना रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे आणि मळके पाय दिले, चर्च खवळलं, चित्रं परत आली. पण त्याची चित्रं त्यांच्या मूळ जागी पाहिली की ही गोष्ट पुरी पडत नाही. मळके तळवे एका चर्चमध्ये चारशे वर्षं निर्धास्त टांगलेले आहेत आणि दुसरीकडचं चित्र काही दिवसांत खाली उतरलं. चित्र वेदीवर होतं की बाजूच्या भिंतीवर, पैसे कुणी दिले होते आणि त्या वेदीवर हक्क कुणाचा होता, या तीन प्रश्नांवर बहुतेक निकाल ठरले. म्हणून हा दौरा चर्चच्या क्रमाने आखावा. बरोबर छोटी दुर्बीण, खांदे-गुडघे झाकणारे कपडे आणि एक-दोन युरोची भरपूर सुटी नाणी घ्यावीत.

मंगळवार: सान लुइजी, सांत आगोस्तिनो

पियाझ्झा नव्होनाच्या पूर्वेला सान लुइजी दे फ्रांचेसी हे फ्रेंचांचं चर्च आहे. सकाळी दार उघडताच जावं. दुपारी मध्ये ते बंद असतं. डाव्या हाताचं पाचवं, शेवटचं चॅपेल (चर्चच्या आतली, स्वतःची वेदी असलेली छोटी खोली) कोंतारेल्लीचं. यंत्रात नाणं टाकलं की दिवे लागतात आणि काही मिनिटांत विझतात. बहुतेक जण दिवा विझला की निघून जातात. तसं करू नये. अंधारात थोडं थांबून वेदीच्या वरच्या खिडकीकडे बघावं. मत्तय हा ख्रिस्ताचा शिष्य, ख्रिस्ताचं चरित्र म्हणजे सुवार्ता लिहिणारा. डाव्या भिंतीवरच्या ‘मत्तयाला बोलावणं’ या चित्रात उजेड उजवीकडून येतो आणि समोरच्या ‘मत्तयाचं हौतात्म्य’मध्ये डावीकडून. दोन्ही वेळा ती वेदीची, म्हणजे खऱ्या खिडकीची बाजू आहे. रंगवलेला उजेड त्या जागेच्या उजेडाशी जुळवून घेतलेला आहे. संग्रहालयात हलवलं की अशा चित्राचं अर्धं काम बंद पडतं. ‘बोलावणं’मध्ये भिंतीवर एक खिडकीही रंगवली आहे, पण तिच्या मळकट तावदानांतून उजेड येतच नाही. तो येतो ख्रिस्ताच्या डोक्यावरून.

माथ्यू क्वांत्रेल, इटालियनात कोंतारेल्ली, याने १५६५ मध्ये हे चॅपेल घेतलं आणि १५८५ मध्ये तो वारला. काम वर्षानुवर्षं रखडलं. छत काव्हालिएरे द’आर्पिनोने रंगवलं, पण भिंती कोऱ्याच राहिल्या. २३ जुलै १५९९ रोजी कॅराव्हाज्जोबरोबर दोन्ही बाजूंच्या चित्रांचा करार झाला, ४०० स्कुडींना (स्कुडी हे तेव्हाचं रोममधलं चलन). प्रत्येक कॅनव्हास साधारण ३.२ मीटर उंच आणि ३.४ मीटर रुंद. इतकं मोठं काम त्याने आधी केलं नव्हतं आणि ते ‘हौतात्म्य’च्या थरांत दिसतं. क्ष-किरणांत खाली वेगळीच रचना सापडली. तिच्यात माणसं लहान आणि मागची इमारत मोठी होती. त्या आकाराची माणसं चॅपेलच्या कठड्यापासून ठळक दिसली नसती. त्याने तो सगळा घाट टाकून दिला, माणसं मोठी करून पुढे आणली आणि इमारत काळोखात बुडवली. मागच्या बाजूला वळून पाहणारा दाढीवाला चेहरा त्याचा स्वतःचा.

खरा वाद मधल्या वेदीचित्राचा. करार ७ फेब्रुवारी १६०२ चा, १५० स्कुडींचा. पहिल्या चित्रात टक्कल पडलेला, दणकट मत्तय पायावर पाय टाकून खुर्चीत बसला होता आणि त्याचं उघडं पाऊल थेट प्रेक्षकाच्या अंगावर येत होतं. देवदूत त्याचा हात धरून हिब्रू अक्षरं गिरवून घेत होता. हे चित्र नाकारलं गेलं. चरित्रकार बेल्लोरी १६७२ मध्ये कारण देतो ते असं: आकृतीला ना शोभा, ना संताचं रूप, पाय लोकांसमोर उघडे टाकलेले. जुस्तिनियानी या संग्राहकाने ते लगेच उचललं. पुढे ते बर्लिनला गेलं आणि मे १९४५ मध्ये, युद्धात जिथे सुरक्षित ठेवलं होतं त्या फ्रीडरिश्सहाइनच्या बुरुजाला लागलेल्या आगीत जळालं. आता फक्त कृष्णधवल छायाचित्रं उरली आहेत. त्यातलं एक मोबाइलवर उघडून इथे उभं राहावं.

दुसरं, स्वीकारलेलं चित्र समोर आहे. त्यातही मत्तयाचे पाय उघडेच आहेत. बदललं काय, ते पाहा. तो आता भगव्या-तांबड्या झग्यात आहे, डोक्यामागे प्रभावलय आहे, देवदूत वर हवेत आहे आणि बोटांवर मुद्दे मोजतो आहे. लिहिणारा हात मत्तयाचा स्वतःचा. नुसतं पाऊल खटकलं असतं तर पाऊल झाकून भागलं असतं. खटकला तो निरक्षर सुवार्ताकार, आणि तोही नेमका वेदीवर, जिथे प्रार्थनेच्या वेळी पाद्री प्रसादाची भाकर उंचावतो. ट्रेंटच्या धर्मसभेने डिसेंबर १५६३ मध्ये ठरवलं होतं की बिशपच्या मंजुरीशिवाय चर्चमध्ये कोणतंही अनोखं चित्र लावायचं नाही. वेदीवर ही अट सर्वांत कडक जाणवते. नव्या चित्रात स्टुलाचा एक पाय कडेवरून बाहेर लोंबतो आहे, जणू स्टूल आता चॅपेलमध्ये कलंडेल. म्हणजे अंगावर येण्याची हौस त्याने सोडली नाही. माणसाच्या पायाऐवजी लाकडाचा पाय पुढे केला, इतकंच.

इथून पाच मिनिटांवर सांत आगोस्तिनो. डावीकडच्या पहिल्याच चॅपेलमध्ये ‘लोरेतोची माता’, २६० सेंमी × १५० सेंमी. एर्मेते काव्हाल्लेत्ती १६०२ मध्ये वारला. त्याने ठेवलेल्या ५०० स्कुडींतून वारसांनी चॅपेल घेतलं. मरिया साध्या घराच्या उंबऱ्यात उभी आहे. दाराची चौकट दगडी, बाजूच्या भिंतीचा गिलावा उडून विटा दिसताहेत. खाली दोन यात्रेकरू गुडघ्यांवर. पुरुषाचे दोन्ही तळवे आपल्याकडे वळलेले, टाचांत मळ बसलेला. म्हातारीची टोपी फाटकी आणि कळकट. वेदीची उंची धरून पाहिलं तर हे तळवे उभ्या माणसाच्या नजरेच्या थोडेच वर येतात. गुडघे टेकून पाहावं. तेव्हा मरियाच्या आधी तळवेच दिसतात आणि नजर त्यांच्यावरून वर चढते. रांगेतल्या तिसऱ्या यात्रेकरूची जागा पाहणाऱ्यासाठी सोडलेली आहे. मळके पाय वेदीवर, नजरेच्या टप्प्यात, तरीही चित्र कधी उतरलं नाही. कारण हे पाय संताचे नाहीत, भक्ताचे आहेत. लोरेतो या इटलीतल्या तीर्थक्षेत्राला यात्रेकरू अनवाणी जात, आणि रोममध्ये यात्रेकरूंचे पाय धुण्याचं काम त्रिनिता देई पेल्लेग्रिनी हे बंधुमंडळ पुण्यकर्म म्हणून करत होतं. त्याच काळातला चित्रकार आणि चरित्रकार बाल्योने लिहितो की सामान्य लोकांनी या चित्रावरून मोठा गलका केला. गलका तक्रारीचा होता की आपलीच माणसं वेदीवर पाहून झालेल्या नवलाचा, हे त्याच्या वाक्यातून ठरत नाही. आमचं मत दुसऱ्या बाजूला झुकतं.

जाता जाता उत्तरेला विकोलो देल दिव्हिनो आमोरे ही अरुंद गल्ली पाहावी. १६०४ पासून कॅराव्हाज्जो इथे भाड्याने राहत होता. भाडेकरारात अर्ध्या खोलीचं छत उघडण्याची मुभा होती, जाताना पूर्ववत करून देण्याच्या अटीवर. उंच कॅनव्हास उभे करायला आणि वरून एकाच कोनातून उजेड घ्यायला अशी खोली सोयीची. भाडं थकल्यावर ऑगस्ट १६०५ मध्ये सामान जप्त झालं. त्या यादीत आरसे आहेत आणि बारा पुस्तकं आहेत. अडाणी, फक्त डोळ्यांनी रंगवणारा माणूस ही प्रतिमा त्या बारा पुस्तकांपुढे टिकत नाही.

बुधवार: सांता मारिया देल पोपोलो, इल जेसू

मेट्रोच्या ए मार्गावर फ्लामिनिओ स्थानकाला उतरलं की समोरच चर्च. मुख्य वेदीच्या डावीकडचं चेराझी चॅपेल. २४ सप्टेंबर १६०० च्या करारात सायप्रस लाकडाच्या दोन फळ्या, प्रत्येकी १० × ८ पाम (पाम म्हणजे साधारण वीतभर), दोन्ही मिळून ४०० स्कुडी. मे १६०१ मध्ये चित्रं मागवणारा चेराझी वारला. नोव्हेंबरमध्ये हिशेब चुकता झाला तेव्हा रक्कम ३०० वर आली होती. आज भिंतीवर आहेत ते मात्र कॅनव्हास. लाकडावरचं पहिलं ‘पौलाचं परिवर्तन’ खाजगी संग्रहात आहे. त्यात ख्रिस्त आणि देवदूत वरून झेप घेतात, माणसं एकमेकांवर कोसळतात. ते नाकारलं गेलं असं बाल्योने म्हणतो. पण चॅपेलची रुंदी पायांनी मोजून पाहा. एवढ्या चिंचोळ्या जागेत भिंतीवरचं चित्र समोरून दिसतच नाही, दारातून तिरकंच दिसतं. त्या गर्दीचा इथे गुंता झाला असता. दुसऱ्या चित्रात एक घोडा, एक मोतद्दार आणि जमिनीवर हात पसरलेला पौल, बस. कठड्याच्या डाव्या टोकाला सरकून उजवीकडे पाहिलं की पौलाचे पसरलेले हात योग्य लांबीचे दिसतात. समोरून काढलेल्या छायाचित्रात ते आखूड वाटतात.

समोर ‘पेत्राचं क्रूसारोहण’. क्रूस पाठीवर तोलणाऱ्या मजुराचे तळवे कालच्या यात्रेकरूइतकेच मळके आहेत आणि त्याची पाठ-कंबर पाहणाऱ्याकडे आहे. यावर कुणी ब्र काढला नाही. तो मारेकरी आहे आणि चित्र बाजूच्या भिंतीवर आहे. वेदीवर आन्नीबाले काराच्चीची मरिया, स्वच्छ निळ्या-लाल रंगांत, स्वर्गाकडे उचलली जाते आहे.

दुपारी जेसू चर्चमध्ये अर्धा तास. कॅराव्हाज्जोचं इथे काही नाही. १६०३ मध्ये इथे बाल्योनेचं ‘पुनरुत्थान’ लागलं, त्यावर टवाळीच्या कविता फिरल्या आणि बाल्योनेने कॅराव्हाज्जोवर बदनामीची फिर्याद केली. १३ सप्टेंबरला कॅराव्हाज्जोची जबानी झाली. नाकारलेल्या चित्रांच्या बऱ्याच कथा ज्याच्या १६४२ च्या चरित्रग्रंथातून आपल्याकडे येतात, तो हाच फिर्यादी. त्याचं प्रत्येक वाक्य हे लक्षात ठेवून वाचावं. उजव्या बाजूच्या वेदीवर संत फ्रान्सिस झेवियरच्या हाताचा अवशेष आहे. १६१४ मध्ये गोव्यात देहापासून वेगळा करून तो इथे पाठवला गेला. गोव्याच्या वाचकांना ही वेदी चुकवता येणार नाही.

गुरुवार: बोर्गेझे, बार्बेरिनी

बोर्गेझे संग्रहालयात दोन तासांच्या ठरलेल्या वेळेतच प्रवेश मिळतो. आगाऊ तिकीट नसेल तर जाऊ नये. सोमवारी बंद, पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात. आत शिरल्यावर गर्दी बर्निनीच्या शिल्पांकडे वळते तेव्हा थेट आठव्या दालनात जावं.

‘पालाफ्रेनिएरींची माता’, २९२ × २११ सेंमी. पालाफ्रेनिएरी म्हणजे पोपचे मोतद्दार. त्यांच्या मंडळाची सेंट पीटर या पोपच्या मुख्य चर्चमध्ये वेदी होती. तिच्यासाठी १६०५-०६ मध्ये हे चित्र झालं. मरियाची आई संत आन्ना ही त्यांची रक्षक. एप्रिल १६०६ मध्ये चित्र काही दिवसच तिथे राहिलं आणि मग मंडळाच्या स्वतःच्या सांत आन्ना चर्चमध्ये हलवलं गेलं. त्याच वर्षी कार्डिनल शिपिओने बोर्गेझेने ते १०० स्कुडींना घेतलं. चित्रकाराला मिळाले होते ७५.

कारणं सांगताना मरियाची खोल गळ्याची चोळी आणि पूर्ण उघडा, तान्ह्यापेक्षा बराच मोठा बालक पुढे केला जातो. सर्पाकडे नीट पाहा. मरियाचा पाय सर्पाच्या डोक्यावर आहे आणि बालकाचा पाय तिच्या पावलावर. सर्पाला चिरडणारी मरिया की तिचा पुत्र, यावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट भांडत होते. दोघांनी मिळून, हे उत्तर चित्राने अक्षरशः रंगवून दाखवलं आहे. सिद्धांताच्या अंगाने त्यात खोट नाही. मात्र संत आन्ना, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती सुरकुतलेली म्हातारी बाजूला हात जुळवून उभी आहे आणि या कृतीत तिला वाटाच नाही. शिवाय नव्या सेंट पीटरमध्ये कुणाला कोणती वेदी मिळणार याची ओढाताण चालूच होती. आमच्या मते चोळीवर जितकी शाई खर्च झाली तितकी या दोन गोष्टींवर व्हायला हवी होती.

संध्याकाळी पालाझ्झो बार्बेरिनी, ‘यूदिथ आणि होलोफेर्नेस’. हे चर्चसाठी नव्हतं, ओत्ताव्हिओ कोस्ता या सावकाराच्या घरासाठी होतं. गळा अर्धा कापलेला, रक्ताच्या चिळकांड्या, तरी वाद शून्य. इथे जवळ जाता येतं म्हणून त्याचं तंत्र इथेच पाहावं. त्याची पूर्वरेखाटनं एकही उरलेली नाहीत. कॅनव्हासवर गडद तपकिरी अस्तर चढवायचं, ते ओलं असताना ब्रशच्या दांड्याने किंवा टोकदार सळईने मोजक्या रेघा ओढायच्या, म्हणजे माणूस पुन्हा त्याच पवित्र्यात बसवता येतो. मग शिशाच्या सफेद्याने उजेडाच्या जागा मांडायच्या. बाजूने तिरका उजेड पडेल अशा जागी उभं राहिलं की या कोरलेल्या रेघा खाचेसारख्या चमकतात. सावलीच्या कडेला अनेकदा रंग दिलेलाच नसतो. अस्तर तसंच उघडं ठेवून तेच मधली छटा म्हणून चालवलेलं असतं. या पद्धतीने काम झपाट्याने होतं, पण नुकसानही तिच्यातच आहे. तैलरंगाचा थर वर्षांनी पारदर्शक होत जातो, खालचं गडद अस्तर वर येतं आणि पातळ रंगवलेल्या मधल्या छटा काळोखात जातात. आज दिसतो तो काळोख सगळा त्याने रंगवलेला नाही.

शुक्रवार: व्हॅटिकन, मग त्रास्तेव्हेरे

व्हॅटिकन संग्रहालयात शिरल्यावर लोंढा सिस्टिनकडे जातो आणि तिथून मागे फिरणं त्रासाचं. चित्रदालन आधी उरकावं. बाराव्या दालनात ‘ख्रिस्ताला कबरीत ठेवताना’, ३०० × २०३ सेंमी. ओरातोरियन पाद्र्यांच्या किएझा नुओव्हा चर्चमधल्या व्हित्रीची चॅपेलसाठी केलेलं. हे सगळ्यांनी वाखाणलं, विरोधकांनीही. वास्तव इथे कमी आहे का? निकदेमाच्या पिंढऱ्यांवर फुगलेल्या शिरा, अनवाणी पाय, आणि योहानाची बोटं ख्रिस्ताच्या कुशीतली जखम नकळत उघडताहेत. पण मृतदेह तालीम केलेल्या पुतळ्यासारखा सुदृढ आहे. दगडी शिळेचा कोपरा बाहेर येतो, आणि मूळ जागी त्याच्या खालीच पाद्री भाकर उंचावत असे. शरीर वेदीवर उतरवलं जातंय असा अर्थ आपोआप लागायचा. १७९७ मध्ये नेपोलियनच्या लोकांनी ते पॅरिसला नेलं. परत आलं ते व्हॅटिकनमध्येच राहिलं. मूळ चॅपेलमध्ये आता नक्कल आहे. उंची कळायला ती बघावीच.

दुपारी व्हिया देल्ला लुंगारावरून चालत त्रास्तेव्हेरेतल्या सांता मारिया देल्ला स्कालाला. इथे जे नाही ते पाहायचं आहे. लाएर्त्सिओ केरुबिनी या वकिलाने १४ जून १६०१ च्या कराराने ‘मरियाचा मृत्यू’ मागवलं, ३६९ × २४५ सेंमी. अनवाणी कार्मेलाइट पाद्र्यांनी ते नाकारलं. त्या काळचा चरित्रकार मान्चिनी म्हणतो मॉडेल एक गणिका होती. बाल्योने म्हणतो मरिया फुगलेली आणि पाय उघडे. चित्र आज लूव्हरमध्ये आहे. लाल पोशाखातली स्त्री ताठरलेली, हात सैल, पोट किंचित वर आलेलं, पुढे तांब्याचं घंगाळ, वर लाल पडदा. देवदूत नाही, उघडलेलं आकाश नाही.

त्याच्या जागी आलेलं कार्लो सारासेनी या चित्रकाराचं चित्र डाव्या बाजूला आहे. मरिया बसलेली, हात जोडलेले, जिवंत. वर देवदूतांचा वाद्यवृंद. सारासेनीचंही पहिलं चित्र परत पाठवलं गेलं होतं. त्यात वर देवदूत नव्हते, ते घातल्यावर मान्य झालं. सारासेनीवर गणिकेचा आरोप नव्हता, फुगलेल्या पोटाचाही नाही. म्हणजे पाद्र्यांना अडचण होती ती मृत्यूनंतर काहीच न दाखवण्याची. मरियाला देहासह स्वर्गात नेलं गेलं हा ज्यांच्या भक्तीचा गाभा, त्यांच्या वेदीवर खोलीतच संपणारं मरण चालणार नव्हतं. याची चर्चा फार थोडी होते आणि ‘बदनाम मॉडेल’ची मात्र कायम. चित्रकार रुबेन्सच्या सल्ल्याने मांतुआच्या ड्यूकने कॅराव्हाज्जोचं ते नाकारलेलं चित्र २८० स्कुडींना घेतलं. एप्रिल १६०७ मध्ये आठवडाभर ते लोकांना दाखवलं गेलं, कारण रोमच्या चित्रकारांनीच तशी मागणी केली.

शनिवार: नेपल्स

रोमच्या तेर्मिनी स्थानकाहून वेगवान गाडीने सव्वा तासाच्या आत. मेट्रोच्या पहिल्या मार्गाने तोलेदो स्थानक, तिथून जवळच गालेरिए दितालिया हे संग्रहालय. इथे कॅराव्हाज्जोच्या अगदी अखेरच्या कामांपैकी एक, १६१० चं ‘संत उर्सुलाचं हौतात्म्य’. बाण हातभर अंतरावरून सुटलेला आहे. व्हार्निश वाळलं नव्हतं म्हणून मालकाच्या नेपल्समधल्या मुखत्याराने ते चित्र उन्हात ठेवलं, आणि वाळण्याऐवजी व्हार्निश मऊ पडलं, कारण कॅराव्हाज्जो ते जाड थापत असे. ११ मे १६१० चं त्या मुखत्याराचं पत्र उपलब्ध आहे. २००३-०४ च्या दुरुस्तीत बाण सोडणारा राजा आणि उर्सुला यांच्या मध्ये, बाण अडवू पाहणारा एक हात पुन्हा उघड झाला.

मग व्हिया देई त्रिबुनाली २५३, पिओ मोंते देल्ला मिझेरिकॉर्दिया. १६०२ मध्ये सात तरुण सरदारांनी काढलेली ही गृहस्थांची दानसंस्था. तिची वेदी कुठल्याच पाद्री-संघाच्या ताब्यात नव्हती. ‘दयेची सात कर्मं’, ३९० × २६० सेंमी, ४०० डुकाट (नेपल्सचं तेव्हाचं चलन). सातही कर्मं रात्रीच्या एकाच गल्लीत कोंबलेली. उजवीकडे तुरुंगाच्या गजांतून मुलगी बापाला अंगावर पाजते आहे. दुर्बिणीने पाहिलं तर म्हाताऱ्याच्या दाढीवर दुधाचा थेंब दिसतो. तिच्या मागे प्रेत नेलं जातंय आणि त्याचे फक्त पाय दिसतात. वेदीवर स्तन, प्रेताचे पाय, भिकाऱ्याची उघडी पाठ, सगळं आहे. वर मरिया आणि देवदूतही आहेत, आणि देवदूताच्या पंखाची सावली तुरुंगाच्या भिंतीवर पडते, म्हणजे तोही त्याच गल्लीतला आहे.

खालून पाहून झालं की त्याच तिकिटावर वरच्या मजल्यावर जाऊन सज्जातल्या खिडकीतून पुन्हा पाहावं. मरियाची उंची तिथूनच समजते. या मंडळींनी चित्र परत केलं नाहीच, उलट १६१३ मध्ये ठराव केला की ते कोणत्याही किमतीला विकायचं नाही. अष्टकोनी चर्चच्या मुख्य वेदीवर ते आजही आहे.